मानाची चढाई

सुधाकरशेठ आमच्या ओटीवर आले, खुर्ची ओढून बसले, बाबांकडे नीट पाहिलं आणि तब्येत एकदम उत्तम असल्याचं जाहीर केलं. बाबा त्या वेळी न्हाणीघरापासून ओटीपर्यंत चालत आल्याबद्दल विश्रांती घेत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपाशी. सुधाकरशेठना ती ऐट वाटली असावी.

"वजन पण भरलंय थोडं," ते आईला म्हणाले. बाबांचे पाय सुजले होते.

सुधाकरशेठ घरत आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. वाळू, खडी आणि सिमेंटचा धंदा, त्यामुळे कोणतीही गोष्ट उभी कशी करायची हे त्यांना पक्कं माहीत. महामारीच्या दोन वर्षांत बंद पडलेली कबड्डी स्पर्धा त्यांनी आता उभी करायची ठरवली होती, आणि मानाच्या चढाईसाठी बाबांना आमंत्रण द्यायला ते जातीने आले होते.

आमच्याकडे, पेण-अलिबागच्या पट्ट्यात, पोर चालायला लागण्याआधी रेषा ओळखतं. गावची स्पर्धा सुरू करताना नुसता नारळ फोडून भागत नाही. गावातला जुना खेळाडू पहिली चढाई करतो. समोर सात गडी उभे असतात, पण त्याला कोणी धरत नाही. तो एकाला हात लावून परत येतो, मग टाळ्या, मग नारळ. ही मानाची चढाई. मात्र तिला पंच असतो आणि नियमही सगळे असतात, कारण बाबांनी ते तसे ठेवले होते. पंच असताना त्यांनी एका वर्षी खुद्द सरपंचांना मानाच्या चढाईत बाद दिलं होतं. सरपंचांना मध्येच हसू आलं आणि दम तुटला. बाबांनी शिट्टी वाजवून बादचा हात वर केला. गाव आठवडाभर हादरलेलं होतं. "मानाची असली तरी चढाई ती चढाई," एवढंच बाबा म्हणाले होते.

बाबा म्हणजे हिराजी म्हात्रे. त्यांच्या तरुणपणी लोक म्हणत, हिराजी पलीकडे गेला की विडी पेटवावी, ती संपेल पण हिराजीची कबड्डी संपायची नाही. एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत ते सातांच्या घोळक्यात फिरून यायचे. जिल्ह्यात त्यांचा दम दाखवायला माणसं लांबून पोरं घेऊन यायची.

दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यात गेले, नाकावर ऑक्सिजन घेऊन बरेच दिवस राहिले आणि परत आले. वेशीवर ढोल वाजला. 'कोरोनाला पकडीत घेणारा गावचा वाघ' असा फलक लागला, त्यावर बाबांपेक्षा सुधाकरशेठचा फोटो मोठा होता. पुढे ग्रामपंचायतीने 'कोरोनामुक्त गाव' अशी पाटी लावली. तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आला त्या दिवसापासून बाबा गावाच्या दृष्टीने बरे झाले. हे फक्त त्यांच्या छातीला कळवायचं राहून गेलं.

त्यानंतर सल्ले आले. सल्ल्यांना टाळेबंदी नव्हती. काढा, प्राणायाम, पहाटेचं चालणं, चालणं होत नसेल तर जास्त चालणं. मनात आणू नका, हा सगळ्यांचा लाडका. तालुक्याच्या डॉक्टरांनी वय सांगितलं, जे बाबांना आधीपासून माहीत होतं. पनवेलचे छातीचे डॉक्टर त्यातल्या त्यात बरे. ते म्हणाले, काही जणांना राहतं असं, वेळ लागतो. हे काही जण भेटतात कुठे, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी अलिबागला ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे याबाबत सापडेल ते वाचत होते. गावाने त्याचाही अर्थ लावला होता. पोरगी वाचून वाचून बापाला आजारी पाडते, असं एक मावशी आईला म्हणाल्या होत्या. मी एकदा ग्रंथालयात या विषयावर एका तरुण डॉक्टरीणबाईंचं व्याख्यानही ठेवलं. श्रोत्यांत आमचा शिपाई होता, आणि एक निवृत्त गृहस्थ, ते पंख्याखालची जागा सोडून कधीच उठत नसत. पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात वार्षिक राशिभविष्य होतं. खुर्च्या शेजारच्या शाळेतून आणाव्या लागल्या.

तर सुधाकरशेठ आमंत्रण देऊन हात जोडून बसले होते. मी स्वच्छ नाही म्हणायच्या तयारीत होते. बाबांनी एक श्वास घेतला, तो पुरला नाही म्हणून दुसरा घेतला, आणि विचारलं, "पंच कोण?"

"आपला रमाकांत," शेठ म्हणाले. "तुमचाच चेला."

"मग येतो."

शेठ गेल्यावर मी भांडले. भांडण एकतर्फी होतं, कारण बाबांकडे उत्तरापुरती हवा नव्हती. या माणसाला अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन येताना मध्ये थांबावं लागतं, तो गावासमोर चढाई करणार. मी आईला म्हटलं, तू तरी सांग. आईने मासे साफ करताना मान वर केली नाही.

"त्यांनी कधी माझं ऐकलं असतं, तर मी एवढी वर्षं बोलले असते का?"

त्यानंतर मागच्या दारी सरावाचे आवाज येऊ लागले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, आणि मग काही नाही. मग बराच वेळ खोकला. पुन्हा कबड्डी, आणि तेवढ्यातच पुन्हा काही नाही. ते दम वाढवायचा प्रयत्न करताहेत असं मी धरून चालले. एका संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी काठीने मातीत रेषा मारली होती, आणि दम तुटला तिथे उभं राहून ते आपल्या पायाकडे आणि रेषेकडे आळीपाळीने बघत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्यांची कीव आली. थोडा रागही.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं, रमाकांतच आहे ना पंच? रमाकांत ठाकूर शाळेत व्यायामशिक्षक, बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आणि शिट्टीच्या बाबतीत बाबांइतकाच निर्दय. एकदा अंतिम सामन्यात त्याने सख्ख्या मेहुण्याला बाद दिलं होतं, तर बायकोने महिनाभर डब्यात फक्त भाकरी आणि मिरची दिली. तरी मला वाटलं, चेला आहे, सांभाळून घेईल, म्हणून बाबा विचारतात. आयुष्यभर सवलत न देणारा माणूस म्हातारपणी सवलत मागतो, असं मी मनात म्हटलं. वाक्य मला आवडलंही होतं.

स्पर्धेच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. दोन वर्षं घरात बसलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर बसून बघत होती. सुधाकरशेठ माइकवर होते. कोरोना इतिहासजमा झाला, असं त्यांनी सांगितलं. गेलेल्यांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं शांतता पुकारली आणि ती लवकरच आटोपती घेतली, कारण जनरेटरवाल्याला काही विचारायचं होतं. रिक्षा चालवणारा काशिनाथ माझ्या पुढे बसला होता. आजारानंतर त्याचे हात थरथरतात हे त्याच्या रिक्षात बसणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्याने टाळ्या वाजवल्या. थरथरत्या हातांनी टाळ्या छान वाजतात.

रमाकांत पांढऱ्या कपड्यांत मध्यरेषेजवळ उभा होता. खरं तर उभा कमी आणि खुर्चीला टेकलेला जास्त. पाठ धरलीय, असं त्याने लोकांना सांगितलं होतं.

बाबांनी चपला काढल्या, वाकून रेषेची माती कपाळाला लावली. पुन्हा सरळ होताना त्यांना वेळ लागला. लोकांना ती भक्ती वाटली, टाळ्या झाल्या. मग ते निघाले.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी."

आवाज अजून खणखणीत होता. मध्यरेषा ओलांडली. समोरची सात पोरं रीतीप्रमाणे हात पसरून मागे सरकली. बाबा मागच्या दारी ज्या अंतरावर थांबत, ते अंतर आलं आणि मला वाटलं आता वळतील. ते वळले नाहीत. आणखी एक पाऊल आत टाकलं, आणि तिथे, पलीकडच्या संघाच्या अंगणाच्या ऐन मध्यात, कबड्डी थांबली.

त्यांचं तोंड उघडं होतं. मी पार कडेला बसले होते, तरी मला तो श्वास आत जाताना ऐकू आला. विहिरीवर रहाट कोरडा फिरावा तसा. मंडळाचा फोटोग्राफर गुडघ्यावर बसला आणि त्याने फोटो घेतला.

बाबांनी मान वळवून रमाकांतकडे पाहिलं. शिट्टी त्याच्या ओठांतच होती. बाबांनी हात वर केला आणि बोट स्वतःच्या छातीला लावलं.

"दम तुटला," ते म्हणाले. "बाद दे."

मला तेव्हा कळलं की ते सवलत मागायला आलेच नव्हते.

रमाकांतने स्टेजकडे पाहिलं. तेवढ्यात सुधाकरशेठनी माइक धरला. "बघा, बघा, दादा पोरांना खेळवतायत. थांबून थांबून चढाई. याला म्हणतात कसलेला गडी." मैदान हसलं. मनापासून, प्रेमाने हसलं. समोरच्या संघातल्या कोपऱ्यातल्या मुलाला रीत ठाऊक होती. बाबांचा हात कोणापर्यंत पोहोचत नाही असं दिसताच तो स्वतः पुढे आला, बाबांच्या हाताला हात लावला, मग वाकून पायांना लावला, आणि आपण होऊन बाद झाला. इतक्या सुसंस्कृत पद्धतीने एखाद्या माणसाचं तोंड बंद केलेलं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

"रमाकांता," बाबा म्हणाले. "मी बाद आहे."

रमाकांतने शिट्टी वाजवली. ती लांब वाजली नाही, मध्येच फुटली. त्याने गुण बाबांना दिला.

टाळ्या चालू असताना बाबा परत आले नाहीत. ते सरळ पुढे चालत मैदानाबाहेर गेले आणि शेवटच्या रेषेमागे जिथे बाद झालेले गडी बसतात, तिथे मातीत बसले. मंडळाचे दोन कार्यकर्ते धावले.

"दादा, इथं नका बसू. ही बादवाल्यांची जागा आहे."

"म्हणून तर," बाबा म्हणाले.

कार्यकर्त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं. काखेत हात घालून त्यांना उचललं, स्टेजवर नेलं, खुर्चीत बसवलं. शाल घातली, ती चांगली उबदार होती, एप्रिल महिना होता. नारळ दिला. 'दोन शब्द बोला' म्हणून माइक पुढे केला. बाबांनी माइक तोंडाजवळ धरला आणि नुसता श्वास घेत राहिले. सगळ्या मैदानावर तो श्वास कर्ण्यांतून ऐकू येत होता. सुधाकरशेठनी माइक परत घेतला आणि लोकांना सांगितलं की दादांना भरून आलंय.

आम्ही काशिनाथच्या रिक्षाने घरी आलो. ओटीवर बसल्यावर आईने शाल काढून घडी केली, पाणी दिलं. मी विचारलं, हे करायचं ठरवूनच गेला होता ना. त्यांनी मान हलवली.

"कशासाठी?"

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. प्रत्येक तुकड्यानंतर ते थांबत होते आणि मी वाट बघत होते.

"घरात सांगून झालं. डॉक्टरला सांगून झालं. म्हटलं, नियमात सांगू. नियम गावाला कळतो." मग बऱ्याच वेळाने, "काशिनाथला होतंय. ती डाकघरातली नलिनी, तिला आकडे आठवत नाहीत. रमाकांतलाही होतंय, पाठ नाय ती. सगळे उभे आहेत, कारण कोणी बसलेला नाय. मला एकदा बाद दिलं असतं, तर त्यांना बसायला जागा झाली असती."

आई म्हणाली, बोलू नका आता. ते बोललेच.

"बाद झालेला गडी परत उठतो, कुंदे. आपल्याला गुण मिळाला की उठतो. ज्याला बादच दिला नाय, त्याला उठवणार कसा?"

पावसाळा संपता संपता बाबा गेले. कारण म्हणून हृदय सांगितलं गेलं. हृदय हे प्रतिष्ठित कारण आहे, त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलत होता, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मीच त्यांच्यासाठी पुरं करायचे. काय धडधाकट माणूस, आत्ता एप्रिलमध्ये तर चढाई केली. ज्या गोष्टीने ते आजारी असल्याचं सिद्ध करायला गेले, तीच ते ठणठणीत असल्याचा पुरावा झाली होती. गावाजवळ साक्षीदारही भरपूर होते. अख्खं मैदान.

बाराव्यानंतर रमाकांत आला. तो येताना मी आतून पाहत होते. आमच्या ओटीला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर तो थांबला आणि त्याने खांबाला हात लावला, जणू खांबाचा रंग कसा आहे ते बघतोय. ते थांबणं मला ओळखीचं होतं. बाबाही त्याच खांबाला हात लावत. तिथला रंग उडाला होता.

तो आत आला, बसला. मी पाणी दिलं. बाबांच्या तसबिरीकडे त्याने पाहिलं नाही.

"पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"आहे तशीच," तो म्हणाला. पाण्याचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "ताई, मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे."

"हात वर जात होता. मग वाटलं, दादांना बाद दिलं, तर उद्या मला कोण..." एवढ्यावर तो थांबला. वाक्य त्याला सुचत नव्हतं की पुरत नव्हतं, ते मी विचारलं नाही. जाताना, पायऱ्या उतरायच्या असूनही, तो मध्ये थांबला. त्याच वर्षी त्याने पंचगिरी सोडली. निरोपसमारंभात पाठीच्या दुखण्याचा उल्लेख झाला.

याला आता काही वर्षं झाली. स्पर्धा दरवर्षी होते, हिराजी म्हात्रे स्मृतिचषक. मंडळाने बांधलेल्या नव्या कार्यालयात, खडी आणि सिमेंट सुधाकरशेठचं, समोरच्या भिंतीवर बाबांचा मोठा फोटो आहे. त्या दिवशीचाच. खाली सोनेरी अक्षरांत 'शेवटच्या श्वासापर्यंत कबड्डी'. उद्घाटनाला मला बोलावतात, मी जाते. हार घालतात, उदबत्ती लावतात. पाहुणे मागे हात बांधून फोटोपुढे उभे राहतात आणि म्हणतात, काय दम होता हो तुमच्या वडिलांचा. मी हो म्हणते.

फोटो उत्तम आला आहे. बाबा मध्ये, पोरं हात पसरून भोवती, मातीवरच्या रेषा अगदी स्वच्छ. मध्यरेषा पार मागे राहिली आहे. बाबांचं तोंड उघडं आहे. लोकांना वाटतं ते कबड्डी म्हणतायत. पण ते म्हणताना ओठ मिटावे लागतात, गाल हलतात, गळ्याच्या शिरा अशा आत ओढल्या जात नाहीत. माणूस रेषेपलीकडे उभा आहे आणि श्वास घेतो आहे.

आमच्या गावात याला काय म्हणतात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. यंदाही शंभरेक माणसं त्या फोटोखालून आत गेली. कोणाचा हात वर झाला नाही.